कांद्याची निर्यात एका रात्रीत बंद कशी होते, आणि तरी ढाक्याला कांदा कसा जातो?

निफाड तालुक्यातल्या एका तरुणाने विचारलं आहे: "७ डिसेंबर २०२३ला दुपारपर्यंत आमच्या लाल कांद्याला बरा भाव होता. दुसऱ्या दिवशी सकाळी निर्यातबंदीची बातमी आणि लिलावात पडझड. हा निर्णय नेमका घेतं कोण? आणि निर्यात बंद होती, तर मार्चमध्ये बांगलादेशला आणि दुबईकडे कांदा गेलाच कसा? परराष्ट्र खातं शेती खात्याच्या वरचं असतं का?"

मी केंद्रीय सचिवालयात नोकरी केली. त्यातली बरीच वर्षं वाणिज्य आणि ग्राहक व्यवहार या दोन खात्यांत गेली. त्या डिसेंबरमध्ये मी खुर्चीत नव्हतो, अधिसूचना घरी बसून वाचली. पण तशाच आधीच्या बंद्यांच्या फायली माझ्या टेबलावरून गेलेल्या आहेत, त्यामुळे यंत्र कसं फिरतं ते सांगू शकतो.

तुम्ही "कोण" असं विचारता आहात. माझ्या मते खरा प्रश्न वेगळा आहे. निर्णय झाला तेव्हा टेबलावर कुणाचा आकडा होता, हे विचारायला हवं. माणूस शोधत बसलात तर एका मंत्र्याचं नाव हाती लागेल, त्याला शिव्या घालून होतील आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेच घडेल.

आधी कायदा थोडक्यात. घटनेच्या सातव्या परिशिष्टात शेती राज्यसूचीत आहे, पण सीमेपलीकडची आयात-निर्यात केंद्रसूचीत. म्हणजे कांदा शेतात आणि चाळीत (साठवणीच्या हवेशीर छपरात) असेपर्यंत मुंबईचा विषय, आणि जहाजाकडे निघाला की दिल्लीचा. परदेशी व्यापाराच्या १९९२च्या कायद्याचं कलम ३ केंद्र सरकारला आदेश काढून कुठलीही निर्यात रोखायचा अधिकार देतं. आदेश निघतो वाणिज्य मंत्रालयाखालच्या विदेश व्यापार महासंचालनालयातून, राजपत्रात छापून. त्याला संसदेची आधी मंजुरी लागत नाही, आणि दर वेळी पूर्ण मंत्रिमंडळाची बैठक लागते असंही नाही.

पण वाणिज्य मंत्रालय हे इथे बहुतेक वेळा फक्त सही करणारं खातं असतं. त्याला स्वतःला निर्यात बंद करायची हौस नसते, कारण त्याची पाठ थोपटली जाते ती निर्यात वाढल्यावर. बंदीचा रेटा येतो ग्राहक व्यवहार विभागाकडून. कोणतं काम कुठल्या खात्याचं आणि दुसऱ्याला विचारल्याशिवाय काय करायचं नाही, हे १९६१च्या दोन नियमावल्यांत लिहिलेलं आहे. त्यामुळे फाईल फिरते. ग्राहक व्यवहार प्रस्ताव मांडतो, कृषी उत्पादनाचा अंदाज देतं, अर्थ खात्याचा महसूल विभाग शुल्काचं पाहतो, वाणिज्य आदेश काढतं. वाद उरला तर सचिवांच्या समितीत, आणि फारच तापला तर मंत्रिगटात जातो. यातलं कुठलं खातं कुणाच्या वर नसतं. प्रत्येकाला आपापल्या धन्याची बाजू मांडायची असते आणि ज्याचा कागद जास्त ताजा, त्याचं ऐकलं जातं.

हा कागद कसा असतो ते जरा नीट सांगतो, कारण सगळी गोम तिथे आहे. ग्राहक व्यवहार विभागाची किंमत देखरेखीची शाखा आहे. देशातल्या साडेपाचशेच्या आसपास केंद्रांतून रोज अडतीस जिनसांचे (जुलै २०२४पर्यंत बावीस) घाऊक आणि किरकोळ भाव तिथे येतात. संध्याकाळी त्याचा तक्ता वर जातो. कांद्याच्या ओळीत चार रकाने: आजचा भाव, आठवड्यापूर्वीचा, महिन्यापूर्वीचा, वर्षापूर्वीचा. शेजारी टक्केवारी. बैठकीला लोक येतात तेव्हा ज्याच्या-त्याच्या समोर हा कागद असतो, आणि सगळ्यांची नजर सरळ शेवटच्या टक्केवारीवर जाते.

आता २०२३चे आकडे त्या तक्त्यात घालून बघा. २७ ऑक्टोबरला देशभरातला सरासरी किरकोळ भाव किलोला ४७ रुपये होता, वर्षापूर्वी ३०. म्हणजे सत्तावन्न टक्के वाढ. दुसऱ्याच दिवशी टनाला ८०० डॉलर किमान निर्यात मूल्य जाहीर झालं, म्हणजे त्याहून स्वस्तात बाहेर पाठवायला मनाई. पण वर्षापूर्वीचा तो भाव "स्वस्त" का होता? त्या हंगामात मालाला उठावच नव्हता. २०२३च्या फेब्रुवारीत सोलापुरात एका शेतकऱ्याने पाच क्विंटलच्या वर कांदा विकला आणि खर्च वजा जाता हाती दोन रुपयांचा चेक आला, ही बातमी तुम्हीही वाचली असेल. म्हणजे शेतकरी ज्या वर्षी बुडतो ते वर्ष पुढच्या तक्त्यात "मागील वर्ष" म्हणून बसतं, आणि त्याच्याशी तुलना करून यंदाचा बरा भाव महागाई ठरतो. तक्त्यात पाचवा रकाना नाही. उत्पादनखर्चाचा.

एका बैठकीत मी हे विचारून बसलो होतो. क्विंटलला खर्च किती येतो, एवढंच. दोन खाती एकमेकांकडे बघत राहिली, तिसऱ्याने दोन हंगामांपूर्वीचा एक आकडा काढला, आणि अध्यक्ष म्हणाले, "ते नंतर पाहू." नंतर काही पाहिलं गेलं नाही. यात कुणी दुष्ट होतं असं मला वाटत नाही. दिल्लीतल्या भावाचा आकडा रोज येत होता, पिंपळगावच्या खर्चाचा येत नव्हता.

शिवाय महागाईच्या निर्देशांकात तेव्हाच्या, २०१२च्या मालिकेनुसार कांद्याचं वजन ०.६४ टक्के होतं. ऐकायला क्षुल्लक. पण कांद्याचा भाव महिन्याभरात दुप्पट होऊ शकतो, तसं फार थोड्या जिनसांचं होतं, आणि महागाई चार टक्क्यांच्या आसपास ठेवायची जबाबदारी कायद्याने रिझर्व्ह बँकेवर आहे. त्यामुळे अर्थ खातंही मनातून ग्राहक व्यवहाराच्या बाजूला झुकलेलं असतं. निवडणुकांचं वेगळं सांगायला नको. १९९८ला दिल्लीत कांद्याने सरकार घालवलं ही आठवण कुठल्याच पक्षाच्या डोक्यातून गेलेली नाही. ती तक्त्यात नसते, पण खोलीत असते.

"एका रात्रीत" याबद्दल. याचा राग येतो हे समजतं, पण इथे मी सरकारची बाजू थोडी घेईन. बंदी आठ दिवस आधी जाहीर केली तर त्या आठ दिवसांत न्हावा-शेव्याच्या रस्त्यावर कंटेनरची रांग लागेल आणि ज्यासाठी बंदी आणायची तो मालच निघून जाईल. कायद्यांच्या मसुद्यांवर तीस दिवस लोकांची मतं मागवावीत असं २०१४पासूनचं सरकारी धोरण आहे. अशा आदेशाला ते लावलं तर आदेशात काही उरत नाही. म्हणून गुप्तता. ७ डिसेंबरच्या अधिसूचनेत एक ओळ अशी आहे की व्यापार धोरणाच्या परिच्छेद १.०५मधली संक्रमणकालीन सवलत लागू होणार नाही. एरवी बंदी आली तरी आधी पक्के झालेले, पतपत्र (बँकेची पैसे देण्याची हमी) उघडलेले सौदे त्या परिच्छेदाखाली सुटतात. ती वाट मुद्दाम बंद केली. ज्यांचा माल जहाजावर चढायला लागला होता किंवा कस्टम्सच्या ताब्यात गेला होता, तेवढेच सुटले. मला विचाराल तर अन्याय रात्रीत निर्णय होण्यात तेवढा नाही. ऑगस्टपासून पायऱ्या चढत चाललेल्या असताना शेतकऱ्याला त्या वाचून दाखवणारं कुणी नव्हतं, हा जास्त मोठा.

कारण पायऱ्या होत्या. १९ ऑगस्ट २०२३, शनिवार: निर्यातीवर ४० टक्के शुल्क. नाशिकमधले लिलाव बंद पडले, आणि २२ तारखेला केंद्राने क्विंटलला २४१० रुपयांनी दोन लाख टन जादा खरेदी जाहीर केली. शुल्क टक्क्यात असलं की बिलात किंमत कमी दाखवायचा मोह होतो, त्यावर ऑक्टोबरअखेरचं किमान मूल्य हा उतारा. तोही पुरला नाही तेव्हा डिसेंबरमध्ये थेट बंदी. शुल्क, मग किमान मूल्य, मग बंदी: आधीच्या वर्षांतही ही हत्यारं अशीच आलटून-पालटून निघालेली आहेत. पहिली पायरी दिसली की तिसरी येऊ शकते, असं धरून चालावं. तुमच्या लाल कांद्याला ही गोष्ट जास्त लागते. उन्हाळ कांदा चाळीत चार महिने थांबतो, तुमचा थांबत नाही. बंदी उठायची वाट बघणं तुम्हाला परवडत नाही, आणि ज्या महिन्यांत तुमचा माल येतो त्याच सुमारास बंदीची शक्यता सर्वांत जास्त असते.

आता ढाका आणि दुबई. ७ डिसेंबरच्याच अधिसूचनेत आणखी एक वाक्य होतं: दुसऱ्या देशाने विनंती केली आणि भारत सरकारने परवानगी दिली तर निर्यात करता येईल. बंदीच्या भिंतीत सरकारने स्वतःसाठी ठेवलेलं हे दार. गव्हाच्या २०२२च्या आणि तांदळाच्या २०२३च्या बंदीतही ते होतं. हे दार तिथे ठेवायला परराष्ट्र मंत्रालय आग्रही असतं, आणि त्याला कारण आहे.

२०१९च्या सप्टेंबरअखेर आपण कांदा बंद केला. त्यानंतर आठवड्याच्या आतच बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत आल्या, आणि व्यापाऱ्यांच्या सभेत हसत-हसत म्हणाल्या की कांदा का थांबवलात कळत नाही, मी माझ्या स्वयंपाक्याला कांद्याशिवाय रांधायला सांगितलंय. थोडं आधी कळवलं असतं तर बरं झालं असतं. सभा हसली. परराष्ट्र खात्यात अशा विनोदावर कुणी हसत नाही, त्यावर टिपण लिहितात. वर्षाने, १४ सप्टेंबर २०२०ला, आपण पुन्हा न कळवता बंदी घातली. सीमेवर ट्रक अडकले, ढाक्याहून लेखी नाराजी आली, आणि वाटेतला पंचवीस हजार टन माल सोडावा लागला. एका शेजाऱ्याशी नदी, रेल्वे, सीमासुरक्षा असं दहा गोष्टींवर बोलणं चालू असताना कांद्यावरून तोंड कडू करून घेणं त्या खात्याला महाग वाटतं.

विनंतीचा प्रवास असा. त्या देशाचा दिल्लीतला दूतावास लेखी टिपण देतो, किंवा आपला तिथला राजदूत कळवतो. परराष्ट्र मंत्रालयात प्रत्येक भूभागाचा विभाग असतो, बांगलादेश आणि म्यानमारचा एक. तिथून शिफारस ग्राहक व्यवहार आणि वाणिज्यकडे येते. मग घासाघीस. परराष्ट्र जास्त मागतं, ग्राहक व्यवहार कमी सांगतो. मार्च २०२४मध्ये बांगलादेशला ५० हजार टन आणि अमिरातीला १४,४०० टन, तेही तिमाहीला ३६०० टनांच्या वर नाही, असं ठरलं. १४,४०० हा आकडा कुणाला स्वप्नात दिसत नाही. चार तिमाहींना ३६००, असं कुणीतरी कुणालातरी रोखून धरल्याची ती खूण आहे. पुढे भूतान, बहारीन, मॉरिशस, श्रीलंका धरून एप्रिलअखेर एकूण ९९,१५० टन झाले.

तुमचा राग इथे रास्त आहे, पण तो योग्य जागी लावा. हा माल खासगी निर्यातदारांकडून गेला नाही. राष्ट्रीय सहकारी निर्यात संस्थेला ते काम दिलं होतं. तिने देशात सर्वांत कमी बोलीने खरेदी करायची आणि समोरच्या सरकारने नेमलेल्या संस्थेला ठरलेल्या दराने, पूर्ण पैसे आगाऊ घेऊन विकायचं, अशी पद्धत होती. मैत्री सरकारची, आणि तिची किंमत सर्वांत कमी बोलीतून निघाली. परराष्ट्र धोरणाचा खर्च कुणाच्या खिशातून जातो हा प्रश्न त्या फाईलवर कुणी लिहिला असेल असं मला वाटत नाही, कारण तो लिहिणं कुठल्याच खात्याचं काम नव्हतं.

तुम्ही न विचारलेला एक प्रश्न आहे, जो मला कायम सतावतो. परराष्ट्र व्यवहार पूर्णपणे केंद्राचा, तर २०११च्या सप्टेंबरमध्ये ममता बॅनर्जींनी तिस्ता पाणीवाटपाचा करार कसा थांबवला? पंतप्रधान ढाक्याला निघाले, त्या सोबत गेल्या नाहीत, आणि करार आजतागायत झालेला नाही. मग महाराष्ट्राच्या कुठल्या मुख्यमंत्र्याला कांद्याचं शुल्क एक दिवसही का थांबवता येत नाही? कारण दोन. पाणी राज्यसूचीत आहे आणि धरणाचे दरवाजे राज्याच्या हाती. सही दिल्लीत झाली तरी पाणी बंगालला सोडावं लागणार होतं. आणि तेव्हाचं केंद्र सरकार त्यांच्या खासदारांच्या टेकूवर होतं. कांदाबंदीला राज्याचं काहीच करावं लागत नाही. राजपत्र छापलं की कस्टम्सचा माणूस बंदरावर शिक्का मारायचं थांबवतो, संपलं. म्हणून राज्य पत्र लिहितं, मंत्री दिल्लीला जाऊन भेटतात, आणि मागाहून अनुदान देतात. २०२३च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये विकलेल्या कांद्याला राज्याने क्विंटलला ३५० रुपये दिले, दोनशे क्विंटलपर्यंत. राज्याच्या हातात होतं ते तेवढं.

परिस्थितीवर काय-काय अवलंबून असतं तेही सांगतो, नाहीतर मी यंत्राला फारच शिस्तीचं दाखवतोय असं होईल. सरकार बहुमताचं की आघाडीचं, याने खूप फरक पडतो. पंतप्रधान कार्यालयाने एखादा विषय जवळ ओढला की खात्यांमधली घासाघीस नावापुरती उरते. महिना कुठला, पाऊस कसा, सण किती दूर. आणि निवडणूक कुठे आहे. ४ मे २०२४ला बंदी उठली, ५५० डॉलर किमान मूल्य आणि ४० टक्के शुल्क ठेवून. नाशिक आणि दिंडोरीचं मतदान २० मेला होतं. १३ सप्टेंबरला किमान मूल्य गेलं आणि शुल्क निम्मं झालं, विधानसभा तोंडावर होती. योगायोग असतीलही. १ एप्रिल २०२५पासून शुल्क पूर्ण गेलं तेव्हा मात्र निवडणूक नव्हती, उन्हाळ कांद्याची आवक होती. म्हणजे दोन्ही बाजूंनी उदाहरणं मिळतात.

आणि यंत्रातून नुसती वाफ गळली तरी काय होतं ते फेब्रुवारी २०२४ने दाखवलं. निर्यात खुली झाल्याच्या बातम्या शनिवार-रविवारी पसरल्या, आणि सोमवारी, १९ तारखेला, लासलगावात सरासरी भाव १२८०वरून १८००वर गेला. मग ग्राहक व्यवहार सचिवांनी सांगितलं की बंदी ३१ मार्चपर्यंत कायम आहे. त्या दिवशी ज्याने माल विकला तो सुटला. बातमी "मंत्रिगटाने मान्यता दिली" अशी असेल तर ती बातमी. राजपत्रात येईपर्यंत तो निर्णय नव्हे. विदेश व्यापार महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर अधिसूचना त्याच दिवशी येते. व्यापाऱ्याच्या व्हॉट्सॲपवर विसंबण्यापेक्षा ती उघडून शेवटपर्यंत वाचा. अपवाद नेहमी शेवटी असतात.

आता तुमच्या हातात काय आहे. बंदीनंतरचं निवेदन तहसीलदाराकडे द्या, हरकत नाही, पण ते फाईलवर पोचतं तेव्हा फाईल बंद झालेली असते. निर्णयाची माती ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये ओली असते, चाळीतला साठा उतरत असतो तेव्हा. त्या वेळी चाळींमध्ये नेमका किती कांदा शिल्लक आहे याचा विश्वासाचा आकडा दिल्लीकडे नसतो. अंदाज असतात, आणि भीती असली की अंदाज कमी धरले जातात. तुमच्या भागातल्या शेतकरी उत्पादक कंपन्यांनी मिळून पाचशे चाळींची नोंद केली, साठा आणि क्विंटलमागचा खर्च, आणि ती दर पंधरा दिवसांनी पाठवली, तर ती बैठकीत वाचली जाईल. पाठवताना एकट्या कृषी खात्याला पाठवू नका. ग्राहक व्यवहार सचिवांना पाठवा, बंदीचा प्रस्ताव तिथून निघतो.

दुसरं, खासदाराला भाषण करायला सांगू नका, प्रश्न विचारायला सांगा. लेखी प्रश्नाला किमान पंधरा दिवसांची सूचना लागते आणि उत्तर सभागृहात मांडायचं असल्याने खात्याला आकडा शोधावाच लागतो. "बंदीचा प्रस्ताव मांडताना कांद्याचा उत्पादनखर्च किती धरला होता?" इतका साधा प्रश्न. असा प्रश्न आला की आमच्या खात्यात दोन दिवस दुसरं काम होत नसे, आणि एकदा सभागृहात दिलेला आकडा पुढच्या फाईलवर आपोआप चढतो.

तिसरं, माहितीचा अधिकार. मंत्रिमंडळाचे आणि सचिवांच्या चर्चेचे कागद कलम ८(१)(झ)खाली झाकता येतात, पण निर्णय होऊन विषय संपल्यावर निर्णयाची कारणं आणि ज्या साहित्यावर तो घेतला ते खुलं करायचं, असं त्याच कलमात पुढे लिहिलं आहे. २०२३ची बंदी उठली, विषय संपला. परदेशांच्या विनंत्यांचे कागद देणार नाहीत, त्याला परराष्ट्र संबंधांचा वेगळा अपवाद आहे, आणि तो मागण्यात वेळ घालवू नका. ७ डिसेंबरच्या आदेशाआधीच्या बैठकीसमोर ठेवलेला भावांचा तक्ता मागा. आणि अर्जासोबत तुमच्या घरच्या त्या हंगामातल्या विक्रीच्या पट्ट्या जपून ठेवा; हमाली, तोलाई, गाडीभाडं कापलेल्या मूळ पट्ट्या. तक्ता हाती आला की पाचवा रकाना त्यांतूनच भरायचा आहे.